किनिसिऑलॉजी शिकायची तर डिग्री कोणती घ्यावी आणि अभ्यास कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दहावी खानापूर तालुक्यातल्या गावात, मराठी माध्यमातून झाली. आता बेळगावात फर्स्ट पीयूसी म्हणजे अकरावी, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी). लहानपणापासून तालमीत जाता. नात्यातल्या एका मुलीने कॅनडात किनिसिऑलॉजीला, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राला, प्रवेश घेतला, तेव्हापासून तुमच्याही डोक्यात तेच आहे. घरचे म्हणतात बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, कर. आपल्याकडे किनिसिऑलॉजीची डिग्री कुठे मिळते, मराठी माध्यमाच्या मुलाला ती झेपेल का आणि गणित जड जातंय तर ते पास होण्यापुरतं ठेवून बायोलॉजीवर जोर दिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मला यात खरी अडचण वेगळीच दिसते. विषय एक आहे आणि त्याकडे नेणाऱ्या डिग्र्या तीन-चार आहेत. प्रत्येक डिग्री तुम्हाला वेगळ्या माणसासमोर उभं करते. विषय आवडला म्हणून डिग्री घ्यायची आणि नंतर कळायचं की या कागदावर आपल्याला पेशंटला हात लावता येत नाही, हा घोळ दरवर्षी कुणाचा ना कुणाचा होतोच. म्हणून डिग्रीचं आधी बोलू. ते लवकर आटोपेल. अभ्यासाचं बोलायला जास्त जागा लागेल.

समोर कोण यावं असं तुम्हाला वाटतं? दुखणं घेऊन आलेला माणूस, वेग आणि ताकद वाढवायला आलेला खेळाडू, की शाळेच्या मैदानावरची पोरं? पेशंट हवा असेल तर भारतात मुख्य रस्ता बीपीटीचा. आत्तापर्यंत हा कोर्स साडेचार वर्षांचा होता: चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. २०२१ च्या अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानंतर जो नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, त्यात तो पाच वर्षांचा आहे आणि इंटर्नशिप पूर्ण वर्षाची. प्रवेश नीटकडे नेण्याची दिशाही त्यातच आहे. तेव्हा सेकंड पीयूसीला नीटचा फॉर्म भराच, डॉक्टर व्हायचं नसलं तरी. बीपीटीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत किनिसिऑलॉजी किंवा बायोमेकॅनिक्स या नावाने स्वतंत्र पेपर असतो आणि पुढचा सगळा एक्सरसाइज थेरपीचा डोलारा त्यावरच उभा असतो. म्हणजे घरचे जे सांगतायत त्यात तुमचा विषय आहेच.

शाळा-कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचं असेल तर बीपीएड, एमपीएड. तिथेही किनिसिऑलॉजी आणि बायोमेकॅनिक्सचा पेपर असतो, भर मात्र खेळाच्या कौशल्यावर. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई नॅशनल इन्स्टिट्यूट १९५७ पासून हेच काम करते. कोच व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा आहे, त्याचं दक्षिणेतलं केंद्र बेंगळूरला आहे. खेळाडूंबरोबरच काम करायचं पण उपचाराचा परवानाही हवा, असं असेल तर बीपीटी आणि नंतर स्पोर्ट्समध्ये एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचं मास्टर्स. तालमीत वाढलेल्या मुलाला मी साधारण हाच रस्ता सुचवतो, पण तो लांब आहे हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कॅनडाचं गणित निराळं आहे. तिथे किनिसिऑलॉजी ही चार वर्षांची पदवी आहे. ऑन्टारियो प्रांतात तर २०१३ पासून किनिसिऑलॉजिस्ट हा परवानाधारक व्यवसाय आहे, त्याचं वेगळं नियामक मंडळ आहे, परीक्षा आहे. पण फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर तिथे त्या पदवीनंतर मास्टर्स करावं लागतं आणि त्याच्या जागांसाठी मारामारी असते. अमेरिकेत पदवीनंतर तीन वर्षांची डीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डॉक्टरेट. आता तुमच्या कामाचा मुद्दा: तिकडची नुसती किनिसिऑलॉजीची पदवी घेऊन परत आलात तर इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून दवाखाना टाकता येत नाही. उलट इथलं बीपीटी घेऊन तिकडे जाणाऱ्यांना कागदपत्रांची तपासणी, परीक्षा असा रस्ता आहे, वेळखाऊ असला तरी. तिकडेच राहायचं पक्कं असेल आणि खर्चाची सोय असेल तर किनिसिऑलॉजी उत्तम. परत यायची थोडीही शक्यता असेल तर आधी बीपीटी.

जवळपास कुठे, तर बेळगावातच केएलई अभिमत विद्यापीठाचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, धारवाडला एसडीएमचं आहे, बाकी बरीच कॉलेजं बेंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पलीकडे कोल्हापूर, कराड आहेच. अभिमत विद्यापीठाची फी आणि प्रवेशाची पद्धत वेगळी असते, ती त्यांच्याकडूनच त्या वर्षाची घ्या. कर्नाटकात शिकल्याच्या सात वर्षांचा स्टडी सर्टिफिकेट आत्ताच शाळेतून काढून ठेवा. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते. तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांत आहे का आणि तुमच्या कोर्सला ती तरतूद लागू आहे का, या दोन्ही गोष्टी तपासूनच त्या भरवशावर बसा.

एक सावधगिरी. 'अप्लाइड किनिसिऑलॉजी' नावाचा एक प्रकार आहे. दंड दाबून बघायचा आणि त्यावरून सांगायचं की तुम्हाला गव्हाची ॲलर्जी आहे. विद्यापीठात शिकवतात तो विषय हा नव्हे. तसंच दोन दिवसांचं रंगीत टेप लावायचं सर्टिफिकेट म्हणजेही किनिसिऑलॉजी नव्हे. मोबाईलवर शोधताना हे सगळं एकाच ढिगात येतं.

आता अभ्यास. नवी मुलं या विषयाला ॲनाटॉमीची धाकटी बहीण समजतात: स्नायूचं नाव, कुठून निघतो, कुठे लागतो, काय करतो, चार रकाने पाठ. पहिल्या टर्मला असं निभावून जातं. दुसऱ्या टर्मला 'काठी कोणत्या हातात द्याल आणि का' असा प्रश्न आला की वही कोरी. हा विषय मुळात फिजिक्स आहे, फक्त बीम आणि पुलीच्या जागी हाड आणि स्नायू आहेत. तुमच्या फर्स्ट पीयूसीच्या पुस्तकात व्हेक्टर, न्यूटनचे नियम आणि टॉर्क (फिरवणारा जोर) हे धडे आहेत ना, किनिसिऑलॉजीचा निम्मा पाया तोच आहे. गणिताचा प्रश्न शेवटी घेतो, पण त्याचं उत्तर इथेच दडलंय.

सगळ्यात आधी कोपर घ्या. हात काटकोनात वाकवून तळहातावर ५ किलोचं वजन धरलंय. कोपराच्या आसापासून, म्हणजे सांधा ज्याभोवती फिरतो तिथून, वजन साधारण ३५ सेंटीमीटरवर आहे. पुढचा हात आणि पंजा मिळून दीड किलो धरा, त्याचा गुरुत्वमध्य १५ सेंटीमीटरवर. बायसेप्स मात्र आसापासून जेमतेम ४ सेंटीमीटरवर ओढतो. खालच्या बाजूचा हिशेब: ५ गुणिले ३५ म्हणजे १७५, अधिक दीड गुणिले १५ म्हणजे साडेबावीस. बेरीज दोनशेला थोडी कमी. ती ४ सेंटीमीटरवरून तोलायची तर जवळजवळ ५० किलोची ओढ लागते. पाच किलोसाठी पन्नास किलो! दार बिजागरीजवळ ढकलून बघा, तीच अडचण आहे. परीक्षेत हा हिशेब न्यूटनमध्ये लिहायचा, किलोला ९.८ ने गुणून. युनिट न लिहिल्याने गुण जातात ते इथेच.

मग शरीराने असा तोट्याचा सौदा का केला? कारण स्नायू एक सेंटीमीटर आखडला की पंजा आठ-नऊ सेंटीमीटर सरकतो. ताकद घालवून वेग आणि पल्ला कमावला. शरीरातले बहुतेक सांधे याच तिसऱ्या वर्गाच्या तरफेवर चालतात. कुस्तीत झटका बसतो तो त्यामुळेच.

आता खुबा, कारण इथे विषय खरा उघडतो. ६० किलोचा माणूस उजव्या पायावर उभा आहे, चालताना दर पावलाला असतोच. एक पाय साधारण शरीराच्या सहाव्या भागाइतका असतो, म्हणून उजव्या खुब्याच्या वर राहिलं ५० किलो. हा भार खुब्याच्या मध्यापासून आतल्या बाजूला १० सेंटीमीटरवर पडतो. कंबर डावीकडे झुकू नये म्हणून बाहेरच्या बाजूने ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस हे कुल्ल्याचे स्नायू ओढतात, पण त्यांना मिळतात फक्त ५ सेंटीमीटर. ५० गुणिले १० भागिले ५, म्हणजे १०० किलोची ओढ. खुब्यावर दाब किती? वरून ५० आणि स्नायूचे १००, दोन्ही खालीच दाबतात: १५० किलो. नुसतं एका पायावर उभं राहायला सांध्यावर वजनाच्या अडीचपट.

आता त्याच माणसाचा उजवा खुबा झिजलाय. काठी कोणत्या हातात? घरोघरी म्हातारी माणसं दुखऱ्या बाजूलाच धरतात. हिशेब मांडा. डाव्या हातात काठी, खुब्यापासून ५० सेंटीमीटरवर, तिच्यावर फक्त ५ किलो टेकले. काठी वर ढकलते, म्हणून ५ गुणिले ५० म्हणजे २५० आपल्या बाजूने आले. ५०० मधून २५० गेले, उरले २५०, भागिले ५, स्नायूची ओढ ५० किलो. सांध्यावरचा दाब ५० अधिक ५० वजा ५, म्हणजे ९५. पाच किलो टेकून पंचावन्न किलो वाचले. तीच काठी उजव्या हातात, खुब्याच्या बाहेर २० सेंटीमीटरवर धरली तर तिचे १०० उलट भाराच्या बाजूला मिळतात, स्नायूला १२० किलो ओढावं लागतं आणि दाब १६५ वर जातो. मग लोकांना त्या बाजूला धरूनही बरं का वाटतं? कारण ते धड काठीकडे कलवतात आणि भाराचं १० सेंटीमीटरचं अंतर कमी होतं. म्हणजे आराम काठीचा नाही, कलण्याचा आहे आणि त्याची किंमत कंबर मोजते.

हे उदाहरण इतकं सविस्तर लिहिलं कारण माझ्या मते याच्यावरच ठरतं की हा विषय तुमचा आहे की नाही. वरचा परिच्छेद कागद-पेन्सिल घेऊन, चित्र काढून, स्वतः मांडा. बाण कुठे, अंतर कुठून मोजलं, चिन्ह कुठे बदललं, सगळं. आकडे जुळले की मजा वाटली तर पुढे जा. कंटाळा आला तर तोही आत्ताच कळलेला बरा, तिसऱ्या वर्षी नको. यात मी स्थिर उभं राहणं धरलंय. चालताना शरीराचा वेग बदलत असतो, म्हणून खरे आकडे याहून जास्त येतात. पण विचाराची रीत तीच.

दुसरी पायरी, हालचाल फोडून लिहिणं. तालमीतली बैठक घ्या. खाली जाताना खुबा वाकतो, गुडघा वाकतो, घोटाही वाकतो. नवख्या मुलाला विचारा, गुडघा कोणता स्नायू वाकवतोय, तर तो म्हणेल मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग, कारण पुस्तकात हॅमस्ट्रिंगचं काम गुडघा वाकवणं असं लिहिलंय. चूक. गुडघा वाकवतंय गुरुत्वाकर्षण. मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स लांबत लांबत ब्रेक लावतोय, याला एक्सेंट्रिक म्हणतात. वर येताना तोच क्वाड्रिसेप्स आखडतो, ते कॉन्सेंट्रिक. दोन्ही वेळा काम त्याचंच, फक्त प्रकार बदलला. खात्री करायची तर अर्ध्या बैठकीत थांबून मांडी दाबून बघा: पुढची दगडासारखी घट्ट आणि मागची त्यामानाने सैल. शंभर बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी मांडीची पुढची बाजू धरते तीही खाली जाण्याच्या या ब्रेकमुळेच, एक्सेंट्रिक कामाने स्नायू जास्त दुखतो.

तालमीतल्या बैठकीत टाच उचलते, गुडघा पायाच्या बोटांपुढे जातो, धड ताठ राहतं. जिममधल्या स्क्वॉटमध्ये टाच जमिनीवर, धड पुढे झुकलेलं. बाजूने चित्र काढून भाराची उभी रेघ टाका. पहिल्यात रेघ गुडघ्यापासून लांब आणि खुब्याच्या जवळ पडते, म्हणून गुडघ्यावर जास्त काम. दुसऱ्यात उलट. कोणती चांगली, हा प्रश्नच अर्धवट आहे. गुडघेदुखीच्या माणसाला जिममधली, कंबरदुखीच्या माणसाला तालमीतली आणि पैलवानाला दोन्ही. उत्तरपत्रिकेत हे लिहिताना रकाने पाडा: टप्पा, सांधा, प्रतल (हालचाल कोणत्या पातळीत होते ते), आस, हालचाल, काम करणारा स्नायू, कामाचा प्रकार. सातवा रकाना रिकामा ठेवणारी मुलं निम्म्याहून जास्त असतात.

स्नायूचं काम पाठ करू नका, काढा. सुतळीचा तुकडा घ्या. मित्राच्या उजव्या कानामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून छातीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत धरा. हा झाला उजवा स्टर्नोक्लिडोमास्टॉइड. आता त्याला मान डावीकडे वळवायला सांगा. सुतळी सैल पडते, म्हणजे स्नायू आखडला. उजवा स्नायू तोंड डावीकडे फिरवतो हे पाठ करणारा परीक्षेत उलटं लिहितो, सुतळी धरलेला सहसा लिहीत नाही. नियम एवढाच की सुतळी सांध्याच्या आसाच्या कोणत्या बाजूने जाते ते बघायचं. पुढून गेली तर एक हालचाल, मागून गेली तर उलटी. सांध्याची स्थिती बदलली की कधी कधी सुतळीची बाजूही बदलते, खांद्याला आणि खुब्याला हे हमखास होतं.

दोन सांधे ओलांडणाऱ्या स्नायूंची गोष्ट तर तुम्हाला हातानेच माहीत आहे. मनगट पूर्ण आत दुमडून घट्ट मूठ वळून बघा. वळत नाही. बोटं वळवणारे स्नायू आधीच आखडून ढिले पडलेत आणि मागच्या बाजूचे ताणून संपलेत. म्हणूनच पकड सोडवायला समोरचा तुमचं मनगट दुमडतो. सगळ्यात जोरकस पकड मनगट वीस-तीस अंश मागे झुकलेलं असताना येते. ऊस तोडणाऱ्याचं कोयता धरलेलं मनगट बघा, तो कुणाला न विचारता तिथेच ठेवतो.

तिसरी पायरी, मोजणं. कॉलेजात मोठी लॅब असेलच असं नाही, पण अंगणात मोबाईलवर बरंच होतं. मोबाईल ट्रायपॉडवर किंवा विटांवर खुब्याच्या उंचीला ठेवा, चालण्याच्या रेघेपासून तीन-चार मीटर लांब, तिला बरोबर काटकोनात. जमिनीवर खडूने सरळ रेघ मारा, तिच्यावर एक मीटरची पट्टी आडवी ठेवून एक फ्रेम घ्या, म्हणजे नंतर माप काढता येईल. चालणाऱ्याला हाफ पॅन्ट, पाय अनवाणी. खुब्याचा बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोट्याचं बाहेरचं हाड, करंगळीच्या मुळाजवळ, अशा चार टिकल्या लावा. खुब्याचा उंचवटा सापडत नाही ही सगळ्यांची तक्रार. बोटं बाजूला ठेवून पाय आत-बाहेर फिरवायला सांगा, बोटांखाली हाड सरकतं तो तो. ६० फ्रेमवर रेकॉर्ड करा, सुरुवातीची दोन पावलं सोडून मधलं एक पूर्ण चक्र घ्या. कॉम्प्युटरवर किनोव्हिया नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम मोजता येतात आणि कोन मांडता येतात.

एका चक्राला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे ६० फ्रेम. त्यातल्या ३६ च्या आसपास पाय जमिनीवर आणि २४ हवेत दिसायला हवेत, कारण चालताना ६० टक्के वेळ पाय टेकलेला असतो. दुखऱ्या पायाचा हा आकडा खाली येतो, माणूस त्याच्यावरून लवकर उतरतो. लंगडणं डोळ्याला दिसतं, किती लंगडतो ते या फ्रेम सांगतात.

बिघडतं ते बहुतेक चार ठिकाणी. माणूस तिरका चालला की कोन लहान दिसतो, गुडघा वाकला ६० अंश आणि पडद्यावर पन्नासच. संध्याकाळच्या अंधुक उजेडात पाय पुसट येतो, म्हणून सकाळी. स्लो मोशनमध्ये घेतलेली फाईल पडद्यावर चार-आठ पट हळू चालते आणि सॉफ्टवेअर तोच खरा वेळ समजतं. सेटिंगमध्ये मूळ फ्रेमचा आकडा भरला नाही तर सगळे सेकंद चुकतात. आणि चौथं, सरळ गुडघ्याला सॉफ्टवेअर १८० म्हणतं, आपण शून्य म्हणतो. १८० मधून वजा करायचं राहिलं की तक्ता हास्यास्पद दिसतो. याशिवाय कातडी हाडावरून सरकते, त्यामुळे टिकली खुब्याजवळ थोडी फसवतेच. दोन-चार अंशांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

मराठी माध्यमाचं काय? पहिले चार-सहा महिने जड जातात, त्यानंतर फरक उरत नाही, असं मी बघत आलोय. लॅटिन नावं इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही परकीच असतात. पाठांतराच्या वहीत डावीकडे नाव, उजवीकडे आपल्या भाषेत 'कुठून कुठे, आसाच्या पुढून की मागून' एवढंच लिहा. ॲबडक्शन (अवयव शरीराच्या मधल्या रेषेपासून दूर नेणं) आणि ॲडक्शन (तिच्याकडे आणणं) कानाला सारखे लागतात, म्हणून तोंडी परीक्षेत 'एबी-डक्शन', 'एडी-डक्शन' असं फोडून बोला, बाहेरचे परीक्षकही तसंच बोलतात. खरी अडचण भाषेची येते ती वॉर्डात आणि ती इंग्रजीची नसते. बेळगावच्या ओपीडीत गोकाक, रायबाग, सौंदत्तीहून आलेला पेशंट कन्नडच बोलणार. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. तीन म्हणजे अवयव नुसत्या स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, पाच म्हणजे तुमच्या पूर्ण दाबाविरुद्ध टिकतं. तुमची सूचना पेशंटला कळली नाही तर तो जोरच लावत नाही आणि तुम्ही चांगल्या स्नायूला तीन लिहून मोकळे होता. तेव्हा 'कालु एत्तरी' म्हणजे पाय उचला, 'मडचरी' म्हणजे दुमडा, 'निधान' म्हणजे हळू, 'नोवु एल्लि ऐती' म्हणजे कुठं दुखतंय, ही चार वाक्यं घट्ट करूनच क्लिनिकल पोस्टिंगला जा. घरात कन्नडबद्दल काय बोललं जातं ते घरात ठेवा, पेशंटच्या खाटेजवळ ते कामाचं नाही.

आता गणित. बीपीटीच्या प्रवेशाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, गणिताचे गुण धरत नाहीत. त्या अर्थाने तुमचा विचार चुकीचा नाही. पण कॅनडातल्या अनेक विद्यापीठांत किनिसिऑलॉजीला बारावीचं गणितही मागतात, म्हणजे ते ढिलं सोडलं तर तो दरवाजा तुम्ही आत्ताच लावून घेता. आणि कोपर, खुबा, काठी यांचे हिशेब करायला लागतं तेवढं गणित फार नाही: साइन, कोसाइन, व्हेक्टरचे दोन घटक काढणं आणि एका अनोळखी संख्येचं समीकरण. इंटिग्रेशन पुढे मास्टर्सला बायोमेकॅनिक्स घेतलं तर लागेल. माझं सांगणं असं की ट्रिग्नॉमेट्री आणि व्हेक्टर हे दोन भाग ट्यूशनच्या सरांकडून या सुट्टीत पुन्हा करून घ्या, सोडवायला टॉर्कची गणितं फिजिक्सच्या पुस्तकातली घ्या, म्हणजे दोन्ही विषयांचं एकदमच होईल. बाकी गणितात पास होण्यापुरतं ठेवलंत तरी बीपीटीला तुमचं काही अडत नाही.